शब्दचर्चा: 'सेव्हन-फिगर पिग्मी गोबी'ला मराठीत काय म्हणावं?

शंकेखोर: प्रवाळभित्तीवरच्या माशांचा मजकूर मराठीत आणतेय आणि एका नावापाशी अडून बसलेय. मासा इव्हिओटा सिजिलाटा, बोटाच्या पेराएवढा. इंग्रजी नाव वर दिलंय. पहिल्या खर्ड्यात झोकात 'सात आकडी बुटका गोबी' लिहिलं. बहीण म्हणाली, माशाला पगार बरा दिसतोय! पाठोपाठ तिचा दुसरा प्रश्न: गोबी म्हणजे वाळवंटातला का?

पाणकावळा: इथे फिगर म्हणजे आकृती, अंगावरची खूण. 1983 साली या जातीला नाव देताना घेतलेला 'सिजिलाटा' हा शब्द लॅटिन 'सिजिलम'वरून आलाय, म्हणजे छोटी आकृती किंवा मोहोर. 'मुद्रांकित' म्हटलं तर कागद डोळ्यांसमोर येतो. 'सातठशी' कसं वाटतं? गोबीचा वाळवंटाशी संबंध नाही, तो ग्रीक 'कोबिओस'पासून लॅटिनमार्गे आला.

गळकरी: गोबीला मराठी शब्द आहे की! खाडीतल्या गोबीला खरबा किंवा खरबी म्हणतात. चिखलावर उड्या मारणारी निवटीसुद्धा याच गोतावळ्यातली.

पाणकावळा: म्हणूनच इथे नको. खरबा म्हटलं की गढूळ पाणी आलं. शिवाय गोबी ओळखायची नेहमीची खूण म्हणजे पोटाखालचे दोन पर जुळून झालेली वाटी, तिने तो दगडाला चिकटतो. इव्हिओटात मात्र हे पर सुटेच असतात. एवढा फरक असताना खरब्याचं नाव चिकटवणं मला पटत नाही.

शंकेखोर: बरं, गोबी राहू दे. पण 'बुटका'? की 'ठेंगू'?

गळकरी: दोन्ही शब्द उंची मोजतात. झाड ठेंगू, माणूस बुटका. मासा काय उभा राहतो? त्याची लांबी बघायची. 'इवला' म्हणा, इव्हिओटाशी यमकही जुळेल!

शंकेखोर: यमक सोडा, शब्द मात्र चपखल. आता पुढची अडचण. याचं जास्तीत जास्त आयुष्य 59 दिवसांचं नोंदलंय. 'अल्पायुषी' लिहिलंय, पण वाक्य सुतकी झालं.

पाणकावळा: होणारच. अल्पायुषी म्हणजे वेळेआधी गेलेला, त्यात हळहळ आहे. हा मासा काही अर्ध्यावर जात नाही. पहिले तीनेक आठवडे उघड्या समुद्रात, मग भित्तीवर येऊन आठवड्या-दोन आठवड्यांत वयात येतो आणि उरलेल्या तीनेक आठवड्यांत संसार उरकतो. मादी फार तर तीनदा अंडी घालते. हा हिशोब ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या 2005 सालच्या अभ्यासातला. माशाच्या कानातल्या खड्यावर रोज एक वलय चढतं, ती वलयं मोजून वय काढलं. तेव्हा 'अल्पजीवी' लिहा, त्यात नुसता कालावधी आहे. आणि समुद्रातल्या त्या पहिल्या अवस्थेला 'अळी' म्हणू नका, 'डिंभ' म्हणा. अळी म्हटली की पानं कुरतडायला लागते.

गळकरी: मग प्रवाळभित्ती तरी कशाला? 'पोवळ्यांचा खडक' म्हणा ना. पोवळं आपलं घरचं, प्रवाळ पोथीतलं.

पाणकावळा: मूळ एकच, संस्कृत 'प्रवाल'. त्याचा दुसरा अर्थ कोवळी पालवी, फार गोड आहे. पण पोवळं म्हटलं की अंगठीतला लाल खडा आठवतो आणि तो ज्या प्रवाळाचा असतो ते भित्ती बांधत नाही. ती कठीण सांगाड्याचे दुसरे प्रवाळ बांधतात. वाचकाला अंगठीत बुडवू नका.

शंकेखोर: पटलं. 'सातठशी इवला गोबी' पक्कं करते. एकच राहिलं: तो गोबी की ती गोबी? ईकारान्त म्हणून मी 'ती' धरली होती. पण यांच्यात अंडी राखतो नर आणि माझं वाक्य झालंय, 'नर गोबी अंडी राखते.'

गळकरी: माळी, धोबी, हत्ती सगळे ईकारान्तच. 'राखतो' करा.