स्कॉटलंडमधली जुनी बँक-इमारत: दोन दारं, सुटणारे पापुद्रे आणि स्ट्राँगरूम

पोटमाळा
स्कॉटलंडमधल्या एका गावातल्या जुन्या बँकेच्या इमारतीचं मोजमाप चालू आहे. १८६० च्या सुमाराची, दोन मजली. दर्शनी भिंत घडीव वालुकाश्माची, बाकीच्या अनघड दगडांच्या. संरक्षित इमारतींच्या यादीत 'बी' श्रेणीत नोंद आहे, तळमजल्यावर कॅफे करायचा बेत आहे. दर्शनी बाजूला दोन दारं कशासाठी? दरजा (दगडांमधले सांधे) शाबूत असताना दगडाच्याच कडा पापुद्र्यांनी का सुटताहेत? आणि स्ट्राँगरूम, म्हणजे तिजोरीची खोली, पाडता येईल का?

घडीवदगड
तिकडे शाखाप्रमुखाला 'एजंट' म्हणत आणि तो सहसा बँकेच्याच इमारतीत राहत असे. खांबांचं, भपकेदार दार बँकेच्या दालनाचं, साधं दार त्याच्या घराचं. घराच्या दारातून जिना सरळ वर जातो का, आणि तळमजल्यावर दोन्ही भाग जोडणारं दार बुजवलेलं आहे का, ते पाहा. पूर्वीचा आराखडा समजायला ही बुजवलेली जागा फार मोलाची.

दर्शनी भाग बहुधा इटालियन पलाझोच्या (शहरी वाड्याच्या) धाटणीचा असेल: तळमजल्यावर खोल खाचांचे दगड, वर छज्जेदार खिडक्या, माथ्याला भक्कम कॉर्निस (पुढे आलेली नक्षीदार पट्टी). ठेवीदाराला बँक डळमळणार नाही असं वाटावं म्हणून हा सगळा खर्च. कमर्शिअल बँकेसाठी डेव्हिड ऱ्हिंड यांनी एडिनबरातल्या जॉर्ज स्ट्रीटवर कोरिंथियन खांबांचं मुख्यालय बांधलं (१८४७), गावोगावच्या अनेक शाखाही त्यांच्याच.

मूळ नकाशे शोधताना इमारत बांधली कोणी ते आधी ठरवा. कमर्शिअल बँक १९५९ मध्ये नॅशनल बँकेत मिसळली आणि १९६९ मध्ये रॉयल बँकेत गेली, म्हणून तिचे कागद आज नॅटवेस्ट समूहाच्या संग्रहात. युनियन बँक (१९५५) आणि ब्रिटिश लिनन बँक ऑफ स्कॉटलंडकडे गेल्या, त्यांचे कागद लॉइड्स समूहाकडे. बंद होताना दारावर जी पाटी होती, तिच्यावरून शोधत बसलात तर चुकीच्या दप्तरात महिने जातील.

चुन्याची निवळी
दरजा शाबूत आणि दगड झिजतोय, म्हणजे दरजांत बहुधा सिमेंट आहे. सिमेंट दगडापेक्षा कठीण, त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग भिंतीतलं पाणी दगडाच्या कडेनेच सुकतं, क्षार तिथेच साठून स्फटिक होतात, हिवाळ्यात ते पाणी गोठतं आणि कड सुटते. पापुद्रे अख्ख्या दगडाच्या तोंडाला समांतर सुटत असतील तर मात्र दगड बसवतानाच त्याचा नैसर्गिक थर उभा ठेवलेला असतो. तो रोग वेगळा, दरजा बदलून तो जात नाही.

सिमेंट काढायला ग्राइंडर अजिबात नको. घडीव दगडाची दरज जेमतेम ३ मिमी असते, चाक घसरलं की दोन्ही कडा कायमच्या गेल्या. तिथे हॅकसॉचं पातं, आणि भरायला बारीक चुना-पुट्टी. सिमेंट घट्ट चिकटून दगड ओढत असेल तर तूर्त राहू द्या. अनघड भिंतींना साधारण १ भाग एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) आणि २.५ भाग टोकदार वाळू. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल मोकळी करा. ओल्या गोणपाटाखाली सुकू द्या. ५ अंशांखाली काम काढू नका, कच्चा चुना गोठला की भुगा होतो.

तुळई
स्ट्राँगरूमवर आधी वरच्या मजल्याचा नकाशा ठेवून पाहा. जाड भिंती आणि विटांची कमान असेल तर वरची भिंत किंवा धुराडं तिच्यावरच उभं असू शकतं. कमानीला बाजूचा रेटा असतो, एक भिंत काढली की छत उघडतं. नोंदलेल्या इमारतीत श्रेणी कुठलीही असो, आतला भागही सहसा संरक्षित असतो. काउन्सिलकडून (स्थानिक प्रशासनाकडून) लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे नोंदलेल्या इमारतीत बदलाची परवानगी लागेल, शिवाय बांधकामासाठी बिल्डिंग वॉरंट हा वेगळा परवाना. परवानगीशिवाय तोडफोड हा गुन्हा आहे.

माझ्या मते ती ठेवाच, कोठार म्हणून छान चालेल. दार उघडं राहील असं पक्कं करा आणि अडसर निकामी करा, म्हणजे कोणी आत अडकणार नाही. हवा खेळायला वाट मात्र द्यावी लागेल, नाहीतर महिन्याभरात बुरशी.

पोटमाळा
आभारी आहे. एटीएमचं भोकही आहे, सध्या त्यावर सिमेंटचा गिलावा.

घडीवदगड
गिलावा काढून कड जवळच्या दरजेपर्यंत चौकोनी करा आणि नवा दगड निदान १०० मिमी खोल, थर आडवा ठेवून बसवा. रंगावरून दगड निवडू नका, ओला-सुका रंग फसवतो. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे नमुना तपासून जुळणारा दगड सुचवतं. निवडलेला दगड जुन्यापेक्षा कमी सच्छिद्र नसावा, नाहीतर शेजारचा दगड झिजायला लागेल.