मुरुडला सिद्दी वारसा आणि कला केंद्र व्हायला हवं का?

समुद्रपक्षी: जंजिऱ्याला दर वीकेंडला तुफान गर्दी असते, लोक होडीने जातात, कलाल बांगडी तोफेपाशी फोटो काढतात आणि परत. तिथे राज्य करणारे सिद्दी मुळात आफ्रिकेतून आलेले, ते इकडे कसे आले, त्यांची माणसं आज कुठे आहेत, कोणी सांगत नाही. जवळच खोकरीला सिद्दी राज्यकर्त्यांच्या कबरी आहेत, तिकडे तर फार कोणी फिरकतही नाही. माझं म्हणणं मुरुडला एक नीट केंद्र व्हावं, गुजरातमधल्या रतनपूरच्या सिद्दींचा धमाल नाच, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंद म्हणजे गोधडी, मलिक अंबर, सगळं एका ठिकाणी. पटतंय का?

भुईकोट: अजिबात नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीने किनाऱ्यावरची गावं लुटली, जाळली. शिवाजी महाराजांना त्याच्यासमोर पद्मदुर्ग उभारावा लागला, संभाजी महाराजांनी तर किल्ल्यापर्यंत सेतू टाकायचा घाट घातला होता. त्याच किनाऱ्यावर त्याचा गौरव कशाला?

गोदाकाठ: भुईकोट, एका घराण्याचा हिशोब अख्ख्या समाजाकडे कसा मागता? मलिक अंबर पण हबशीच. इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात नगरला पोचला, पुढे सगळी निजामशाही त्याने चालवली. 1624 ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजीराजे तिथेच पडले. खडकी 1610 ला त्याने वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, आणि जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. हे आपल्याच इतिहासात आहे ना?

भुईकोट: मलिक अंबरबद्दल दुमत नाहीच. मग केंद्र संभाजीनगरला करा, खुलताबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याच्या दारात नको एवढंच.

हल्याळची सून: मुरुड की संभाजीनगर यावर भांडताय, पण आज जिवंत असलेल्या सिद्दी माणसाला कोणी विचारलंय का? माझं सासर कर्नाटकातल्या हल्याळचं. तिकडे, यल्लापूरला, मुंडगोडला सिद्दी वाड्या आहेत, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही, घरात कोकणी बोलतात. बऱ्याच जणांचे पूर्वज गोव्यात पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून घाट चढून आलेले. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो थेट 2003 ला. आणि कवंद म्हणाल तर जुन्या साड्या-शर्टांचे तुकडे घेऊन बाई एका कोपऱ्यापासून सुरू करते, कडेकडेने धावदोरा घालत आत मध्यापर्यंत येते, शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लावते, फुलांशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. ती बाळाला गुंडाळायला, थंडीत पांघरायला असते. तुम्ही ती काचेत लावणार. धमाल रतनपूरच्या बावा गोर या पिराच्या दर्ग्यातली, श्रद्धेची गोष्ट, आता पर्यटकांपुढे मोरपिसं लावून डोक्यावर नारळ फोडतात आणि लोक व्हिडिओ काढतात. तिकीट लावून अजून एक स्टेज नकोय.

समुद्रपक्षी: ताई, स्टेज नकोच. पण मुरुडला येणाऱ्या हजारो लोकांना काहीच कळू नये हे तरी बरोबर आहे का? केंद्र सिद्दींनीच चालवावं, काय दाखवायचं काय नाही तेही त्यांनीच ठरवावं.

लंडनवासी: इथे ब्रिक्स्टनला ब्लॅक कल्चरल आर्काइव्हज आहे, आफ्रिकन-कॅरिबियन वस्तीतल्याच लोकांनी 1981 ला सुरू केलेलं. स्वतःची मोठी इमारत मिळाली 2014 ला! मधल्या काळात पत्रकं, फोटो, पत्रं, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी गोळा केल्या, म्हणून आज तिथे बघण्यासारखं काही आहे. आपल्याकडे आधी भूमिपूजन होतं आणि आत काय ठेवायचं ते नंतर बघतात. रतनपूर, गुजरातमधलंच जांबूर, हल्याळ इथल्या वडीलधाऱ्यांचं रेकॉर्डिंग आत्ता सुरू करा, जागेचा वाद पुढे घाला.

भुईकोट: रेकॉर्डिंगला माझा पाठिंबा, जरूर करा. पण उद्या मुरुडला दालन झालंच तर त्यात लुटलेली गावं आणि पद्मदुर्ग पण दिसले पाहिजेत, नुसती तोफ आणि नवाबाचा वाडा दाखवलात तर मी विरोधच करणार.

गोदाकाठ: हे मान्य. दोन्ही दाखवा. गुलाम म्हणून विकलेला पोरगा पण आणि गावं लुटणारा सिद्दी सरदार पण.

हल्याळची सून: रेकॉर्डिंग करा, पण त्याची कॉपी त्या वाडीतल्या शाळेत राहिली पाहिजे, नुसती मुंबई-पुण्याच्या कपाटात नाही. आणि केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टवर सिद्दी माणसं किती असणार? समुद्रपक्षी, याचं उत्तर आधी द्या.