लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व: विचार कधी झाला, आणि अडतो कुठे?

रांगेतला मतदार:
२०१४ च्या लोकसभा निवडणुकीचे आकडे पुन्हा चाळत होतो. भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत देशभरातील मतांच्या हिशेबाने तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही, आणि तमिळनाडूत वीस टक्क्यांहून अधिक मते घेणाऱ्या द्रमुकच्या वाट्यालाही शून्यच आले. माझी तक्रार कोणत्याही पक्षाविषयी नाही. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या नियमाविषयी आहे. एखादा उमेदवार पस्तीस टक्के मतांवर निवडून येतो तेव्हा उरलेल्या पासष्ट टक्क्यांच्या मतांचे पुढे काहीच होत नाही. ही पद्धत बदलण्याचा विचार आपल्याकडे गांभीर्याने झाला होता का?

कागदपत्री:
झाला होता, आणि तोही अगदी आरंभी. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध करताना साक्षरतेच्या अभावाकडे बोट दाखवले, कारण मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा तर मतदाराला निदान आकडे यायला हवेत. शिवाय लहानलहान गटांत विभागलेल्या सभागृहातून स्थिर सरकार उभे राहणार नाही, ही चिंताही त्यांनी बोलून दाखवली.

यांपैकी पहिले कारण आज तेवढे टिकत नाही. (आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत पसंतीक्रम चुकीचा लिहिल्यामुळे पदवीधरांचीच मते बाद होतात, हे पाहता साक्षरतेचा मुद्दा जरा निराळ्या अर्थाने शिल्लक आहे, असेही म्हणता येईल.) गंमत अशी की, राष्ट्रपती आणि राज्यसभेचे सदस्य निवडण्यासाठी त्याच संविधानाने एकल संक्रमणीय मताची पद्धत स्वीकारली, म्हणजे मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा आणि पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीकडे जायचे.

पुढे न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात मधला मार्ग सुचवला. मतदारसंघ आहेत तसेच ठेवायचे आणि लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या वाढीव जागा पक्षांच्या याद्यांमधून मतांच्या प्रमाणात भरायच्या. मला हाच मार्ग पटतो, कारण आपल्या माणसाला अडल्यानडल्या कामासाठी ज्याच्या दारात जाता येईल असा खासदार लागतो आणि निव्वळ यादीपद्धतीत तो हरवतो.

टेकडीवरचा:
यादी करणार कोण, हा प्रश्न या मांडणीत राहूनच जातो. ज्या पक्षांत उमेदवारी आजही दिल्लीतून किंवा एका घरातून ठरते, त्यांच्या हाती याद्या देणे म्हणजे मतदारांनी नाकारलेल्यांना मागच्या दाराने आत घेण्याची सोय करणे होय. मतदारालाही यादीतील नावांमधून निवड करता येत असेल, तरच मी या सुधारणेच्या बाजूने उभा राहीन. आणि महापालिकांच्या चार सदस्यांच्या प्रभागाला कोणी प्रमाणशीर समजू नये. तिथे प्रत्येक जागेची मोजणी स्वतंत्र होत असल्याने एकच पॅनेल चारही जागा घेऊन जाऊ शकते.

वेलिंग्टनकर:
मी ज्या देशात मतदान करते तिथे हा बदल प्रत्यक्षात झाला. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत लेबर पक्षाला मते जास्त मिळाली, पण सत्ता नॅशनल पक्षाकडे राहिली. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मतांवर अवघ्या २ जागा मिळाल्या. १९९३ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्के लोकांनी मिश्र पद्धत, म्हणजे काही खासदार मतदारसंघांतून आणि काही पक्षांच्या याद्यांतून, निवडली. १९९६ च्या पहिल्याच निवडणुकीनंतर सरकार बनायला जवळपास दोन महिने लागले, आणि लोक वैतागलेही. तरीही २०११ च्या सार्वमतात सुमारे ५८ टक्क्यांनी हीच पद्धत कायम ठेवली.

मात्र तिथला नियम भारतात जसाच्या तसा चालणार नाही. यादीतून जागा मिळण्यासाठी तिथे देशभरातील ५ टक्के मते किंवा एका मतदारसंघात विजय लागतो. २०२४ च्या लोकसभेत ५ टक्क्यांची रेषा ओलांडणारे पक्ष दोनच होते, भाजप आणि काँग्रेस; ३७ जागा जिंकणारा समाजवादी पक्षसुद्धा तिच्या खाली राहिला असता. एका मतदारसंघाची सूट ठेवावी, तर इतके पक्ष आत येतील की त्या अटीला अर्थच उरणार नाही. त्यामुळे याद्या राज्यवार कराव्या लागतील.

रांगेतला मतदार:
राज्यवार म्हटले की हिशेब लगेच अडतो. महाराष्ट्राच्या ४८ जागांवर १२ जागांची भर पडेल आणि त्या पक्षांमध्ये प्रमाणात वाटताही येतील. पण गोव्याच्या २ जागांचे २५ टक्के म्हणजे अर्धी जागा, आणि सिक्कीम, मिझोराम, नागालँड यांना तर प्रत्येकी एकच खासदार आहे. अशा राज्यांची एकत्र यादी करायची, की त्यांना जुन्याच पद्धतीवर ठेवायचे? कागदपत्री, आपले यावर काय मत आहे?

कागदपत्री:
जुन्याच पद्धतीवर. गोव्याची यादी शेजारच्या राज्याला जोडण्याचे नुसते सुचवून पाहा, पणजीत काय होईल ते सांगायला नको.