सांगलीसाठी पुराचं वेब ॲप चार दिवसांत उभं करावं का?

कृष्णाकाठ:
पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विषय काढतोय. कोयनेचा विसर्ग, आयर्विन पुलाची पाणीपातळी, पावसाचा अंदाज, सगळं जाहीर होतं, पण दहा ठिकाणी. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा मुक्त आहे, तो लीफलेट या मोफत कोड-संचाने वेबपानावर दाखवता येतो. ओपन-मिटिओ या हवामान सेवेचा अंदाज एपीआयवरून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून थेट डेटा मागायच्या सोयीवरून, चावीशिवाय (नोंदणीचा कोड न घेता) मिळतो. हे जोडलं की चार दिवसांत ॲप तयार. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा लोक व्हॉट्सॲपवरच्या आकड्यांवर सामान हलवत होते. सगळं स्वतःच बांधत बसलो तर हा पावसाळाही हातचा जाईल.

हरिपूरकर:
माझा स्पष्ट विरोध. अंदाजाला एपीआय आहे, पण पातळीचा आकडा वेबपानावरच्या तक्त्यातून खरवडूनच (प्रोग्रामने आपोआप उचलून) काढणार ना? तक्त्यात एक रकाना वाढला की पातळीच्या जागी विसर्ग दिसेल. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आईला घरातून कधी हलवायचं, ते आम्ही त्या आकड्यावर ठरवतो. शिवाय ट्विटरने २०२३ मध्ये मोफत एपीआय बंद केला. दुसऱ्याच्या दारावर किती विसंबायचं?

बेदाणा_मार्केट:
मी मधला. बाजारभावाचं ॲप असंच झटपट करा, सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर त्याचा एपीआय आहे. हळदीचा भाव कालचा दिसला तरी निभावतं. पाण्याचं तसं नाही. आणि ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा मुक्त असला तरी त्यांच्या टाइल सर्व्हरला, म्हणजे नकाशाचे चित्र-तुकडे (टाइल्स) पुरवणाऱ्या सर्व्हरला, मर्यादा आहेत. पुराच्या रात्री सगळं गाव त्यावर आलं तर ते अडवू शकतात. टाइल्स आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

कृष्णाकाठ:
टाइल्सचं पटलं, तेवढं करतो. हरिपूरकर ताई, पातळीचा प्रत्येक आकडा वेळेसकट दाखवू. एका तासात एकदम पाच फुटांचा फरक आला तर तो आकडा रोखून धरायचा. तीन तास नवा आकडा आला नाही, तर जुना काढून फक्त नियंत्रण कक्षाचा फोन नंबर.

हरिपूरकर:
आणि चुकीचा आकडा थोडाच चुकला असेल तर? ४४ च्या जागी ४२? तो तुमच्या चाळणीतून सुटणार. आधी प्रशासनाकडे पातळीचं अधिकृत जेसन फीड, म्हणजे प्रोग्रामला थेट वाचता येईल असा डेटा, मागा. सरकारी डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ पासून आहे. अर्जावर पहिली सही मी करते. फीड येईपर्यंत ॲपवर पातळी नको, अंदाज आणि नकाशा पुरे.

कृष्णाकाठ:
अर्ज आजच लिहितो. पण पातळी काढणार नाही. आम्ही दाखवली नाही, तर लोक पुन्हा त्याच व्हॉट्सॲपवर जातील, आणि तिथल्या आकड्याला वेळही नसते.