वॉशिंग्टनचं कॅपिटॉल (अमेरिकेचं संसद भवन) आतून बघायचंय, काय करावं लागतं?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन वॉशिंग्टन डीसीला जातोय, कॅपिटॉल आतून दाखवायचंय. तिकीट असतं का, आणि सभागृहात बसता येतं का?

– टूर फुकट आहे, पण ऑनलाइन आधी बुक करा, रविवारी बंद. पाण्याची बाटली रिकामीच न्या, भरलेली आत सोडत नाहीत.

– सभागृह टूरमध्ये येत नाही हं! प्रेक्षक गॅलरीचा पास वेगळा काढावा लागतो, पासपोर्ट जवळ ठेवा.

– रोटुंडात, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनात, उभं राहून वर बघाच, चित्रकार ब्रुमिदीचं १८६५ चं भित्तिचित्र आहे, आणि तो घुमट दगडाचा वाटतो ना, तो चक्क ओतीव लोखंडाचा आहे, मला हे कळल्यावर परत बाहेर जाऊन बघावंसं वाटलं. तिथून बोगद्यातून लायब्ररी ऑफ काँग्रेसला जाता येतं, आईबाबांना ऊन लागणार नाही.