५५०-० हा छापखान्याचा घोळ नाही

कुणीतरी विचारलंय की अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा १९०१ च्या हंगामातला एकूण ५५०-० हा गुणांचा आकडा चुकून छापलाय का. नाही हो, खराच आहे. ११ सामने, ११ विजय, आणि वर्षभरात विरोधकांना एकही गुण नाही. बफेलोच्या संघाला तर १२८-० असं धुतलं होतं.

फक्त आजच्या हिशेबाने तो वाचू नका. तेव्हा टचडाउनला (चेंडू घेऊन समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जाण्याला) सहा नव्हे, पाचच गुण होते. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, १९०६ पर्यंत नियमातच नव्हता, म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. आणि प्रशिक्षक फील्डिंग योस्टचा तगादा एकच: लवकर उठा, पुढची चाल सुरू करा! समोरचा धापा टाकत असतानाच यांचा पुढचा हल्ला सुरू. योस्टचं टोपणनावही त्यावरूनच पडलं, 'हरी अप'.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, १ जानेवारी १९०२ ला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात स्टॅनफर्ड विद्यापीठाशी गाठ पडली. गंमत म्हणजे योस्ट आदल्याच हंगामात स्टॅनफर्डचा प्रशिक्षक होता. नील स्नोने एकट्याने पाच टचडाउन केले. मिशिगनचे तेच अकरा जण शेवटपर्यंत खेळले, बदली एकही नाही. ४९-० झालं, आठेक मिनिटं उरली होती, तेव्हा स्टॅनफर्डच्या कप्तानाने 'आता पुरे' म्हणून सामना सोडला.

पॅसाडेनाच्या या सामन्याच्या आयोजकांनी असा धसका घेतला की १९१६ पर्यंत तिथे फुटबॉल बंद. मधल्या काळात चक्क रथांच्या शर्यती लावल्या!