रिपोर्टची पिशवी बरी की आभा नंबर?

हरिपूरकर
परवा आईला मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांकडे दाखवायला नेलं. सोबत रिपोर्टची पिशवी होतीच, पण डॉक्टरांनी मागितलेला जुना इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, नेमका त्यात नव्हता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कपाटासकट त्याचा लगदा झाला. इको पुन्हा काढला, पैसे पुन्हा भरले.
माझं सरळ मत: सरकार प्रत्येकाला आरोग्याच्या नोंदींसाठी जो १४ आकडी आभा नंबर देतं, त्याला रिपोर्ट जोडणं सक्तीचं करा. सक्ती रुग्णावर नको, दवाखान्यावर. हा नंबर ज्या योजनेत मिळतो, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. मला त्याचा उपयोग दिसला तो एवढाच, की क्यूआर स्कॅन केला आणि केसपेपरची रांग लवकर सरकली. आत गेल्यावर पुन्हा कागद आणि पेन.

तासगावचा जीपी
अहो, सकाळच्या ओपीडीत माझ्याकडे साठ-सत्तर पेशंट असतात. कंपाउंडर एकच. तोच इंजेक्शन भरतो, तोच पैसे घेतो, भांडणंही तोच सोडवतो. टाइप कोण करणार, माझी सासू?
अमेरिकेत २०१६ साली डॉक्टरांचा वेळ मोजणारा एक अभ्यास निघाला. रुग्णाबरोबरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जात होते. तिथे २००९ च्या कायद्यानं दवाखान्यांना नोंदी संगणकावर आणण्यासाठी अब्जावधी डॉलर दिले, तरी ही गत. आम्हाला कोण काय देणार? सक्ती झाली की मी प्रत्येकाच्या नावापुढे 'ताप, खोकला' असं कॉपी-पेस्ट करीन. मग बसा त्यावर संशोधन करत.

मेडिकलवाला_विटा
डॉक्टर, आत्तासुद्धा तुम्ही काय लिहिता ते आम्हाला अंदाजानंच वाचायला लागतं 😄

आकडेमोडी
जीपी साहेबांचा मुद्दा अर्धा खरा आहे. २००५ साली पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाचा अभ्यास आला. औषधांच्या ऑर्डर संगणकावरून द्यायला लागल्यावर, बाहेरून तातडीनं आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ वर गेलं. मूल दारात येऊन नोंद होईपर्यंत ऑर्डरच टाकता येत नव्हती. पूर्वी नर्स हाताशी औषध तयार ठेवायची, ती सोय गेली. आणि हा सगळा बदल सहा दिवसांत उरकला होता.
पण पुढच्याच वर्षी सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाचा अभ्यास आला. प्रणाली तीच, तिथे मृत्यू वाढले नाहीत. त्यांनी नेहमीच्या ऑर्डरचे संच आधी बनवून ठेवले होते. म्हणजे दोष यंत्राला द्यायचा की घाईला? आपल्याकडे सक्ती म्हटलं की ३१ मार्चच्या आत आकडा गाठायचा, हे आलंच. माझी भीती ती आहे.

जतची_लेक
तुमचं सगळं वेळेवर आणि पैशावर चाललंय. माझ्या नात्यातल्या एका मुलीला लहानपणी फिट येत होत्या. आता बरी आहे, लग्नाचं बघताहेत. ही नोंद जन्मभर नंबरला चिकटून राहिली आणि दवाखान्यात टाइप करणारा मुलगा नवरदेवाच्या मामाच्या ओळखीतला निघाला, तर? दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅकरनी बंद पाडले, कित्येक दिवस कारभार हातानं चालला. एम्सची ती कथा, तर आपल्या गल्लीतल्या दवाखान्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो.

हरिपूरकर
ताई, या योजनेत रिपोर्ट दिल्लीला एका जागी जमा होत नाहीत. ज्या दवाखान्यात तयार झाले तिथेच राहतात आणि रुग्णानं संमती दिली तरच दुसऱ्याला दिसतात.

जतची_लेक
संमती म्हणजे काय हो दादा? काउंटरवरचा म्हणतो "ओटीपी सांगा", आपण सांगतो. झाली संमती. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला आणि आकडेवारीला सवलत आहे. त्या माहितीवरून एकट्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, ही अट आहे खरी. पण ती पाळली की नाही, हे जतमध्ये बसून मला कसं कळणार?

हरिपूरकर
बरं, एक पाऊल मागे येतो. डॉक्टरांच्या ओपीडीवर सक्ती नको. लॅबचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड मात्र जोडा. ते बहुतेक ठिकाणी आधीच संगणकावर टाइप होतात, जास्तीचं काम कुणाला नाही. आणि माझा इको त्यातच बसतो.

तासगावचा जीपी
लॅबचं मान्य. डिस्चार्ज कार्डाचं मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना विचारा. पेशंट माझ्याकडे परत येतो तेव्हा त्यावरचं निम्मं मलाही समजत नाही, ते नंबरला जोडून काय उपयोग?

जतची_लेक
लॅबचं ठीक, पण एक सांगा. आमच्या आजीकडे मोबाइल नाही. तिच्या आधारला पुण्यातल्या पुतण्याचा नंबर लावलाय. ओटीपी त्याला जाणार. मग रिपोर्ट कुणाचा आणि संमती कुणाची?